अधिक-उणे

गुरुवार होता, म्हणजे प्रयोगशाळेच्या कँटीनमध्ये नेहमीप्रमाणे वाटाण्याचं घट्ट सूप आणि नंतर जॅम लावलेलं धिरडं. मार्केत्ता ताट घेऊन खांबाच्या अलीकडे उभी होती. हातातली मोहरीची बाटली रिकामी निघाली होती, ती दुसरी शोधत होती, आणि खांबाच्या पलीकडून आर्तुरीचा आवाज आला. "मार्केत्ताला काय विचारायचं? तिला कधी काही नक्की ठाऊक असतं का?" आवाजात राग नव्हता. बाहेर ऊन पडलंय असं सांगावं तसा तो बोलला. त्याच्यासमोर वर्कशॉपमधला सेप्पो बसला होता, तो काहीतरी पुटपुटला, त्याचा चमचा वाडग्यावर वाजला आणि विषय हीलियमच्या टाक्यांवर गेला. मार्केत्तानं मोहरीशिवायच सूप घेतलं आणि लांबच्या खिडकीशी जाऊन बसली. सूप गरम होतं एवढंच तिला कळत होतं. कान तापले होते. सत्तावन्न वर्षांच्या बाईचे कान असे शाळकरी मुलीसारखे तापावेत याची तिला लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून ते आणखी तापले. खिडकीबाहेर हिवाळ्यात रस्त्यावरच्या बर्फावर टाकलेली खडी झाडणारी गाडी धूळ उडवत हळूहळू पुढे जात होती. त्यापलीकडे समुद्र मोकळा झाला होता, फक्त लव्हाळ्यात बर्फाचे करडे तुकडे अडकून राहिले होते. आर्तुरी दुष्ट असता तर सोपं होतं. तो दुष्ट नव्हता. चार वर्षांपूर्वी, बत्तीस वर्षांचा असताना, तो या गटाचा प्रमुख म्हणून आला, आणि आल्या दिवसापासून सगळ्यांच्या आधी येतो, स्वतःचा कप स्वतः विसळतो. असा माणूस जे बोलतो ते खरं असण्याची शक्यता बरीच. किती? तिच्या मनानं लगेच आकडा काढायला घेतला, आणि तिथंच तिला वाटलं, बघ, हेच.

हेच तिचा नवरा रैमोही म्हणायचा. लग्नाच्या वेळी पाद्र्यानं विचारलं तेव्हा ती 'होय' म्हणायच्या आधी थांबली होती. चार सेकंद, असं रैमो सांगायचा. वीस वर्षं प्रत्येक पार्टीत त्यानं ते सांगितलं. "मी विचारलं, लग्न करशील का? ही म्हणाली, हो, अधिक-उणे." लोक हसायचे, तीही हसायची. खरं म्हणजे ती चार सेकंद तिला अजून आठवत होती. चर्चमधला मेणाचा वास, नव्या बुटात आखडलेला अंगठा, आणि मनात एक फार स्वच्छ विचार, की हा माणूस मला आवडतो आणि पुढं काय होईल ते मला ठाऊक नाही, आणि या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. मग ती 'होय' म्हणाली होती. तो 'होय' काही खोटा नव्हता. पण रैमोला नुसता 'होय' हवा होता, त्याच्या आजूबाजूची मोकळी जागा नको होती. पुढं तो तिला सोडून गेला तेव्हा जातानाही म्हणाला, "तू जा म्हणाली असतीस तरी चाललं असतं, राहा म्हणाली असतीस तरी. काहीतरी एक म्हण ना बाई."

आणि त्याच्याही आधी वडील. तिच्या गावी, कुओपिओच्या बाजारात दुकानदार त्यांना बघून उभे राहायचे, कारण ते सरकारी वजनमापं तपासणारे होते. मखमलीच्या पेटीत पितळेची वजनं बसवलेली असत आणि त्यांना बोट लावायची परवानगी घरात कुणालाच नव्हती. ती नऊ वर्षांची असताना, ते झोपलेले बघून तिनं पेटी उघडली. तळ्यावरून आणलेला एक गुळगुळीत दगड तिनं त्यांच्या नाजूक काट्यावर वीस वेळा तोलला आणि वीस आकडे वहीत लिहिले. वीसही थोडे थोडे वेगळे आले. वडील उठले तेव्हा शिक्षेची भीतीसुद्धा विसरून तिनं वही त्यांच्यापुढे धरली. त्यांनी चष्मा लावून बघितलं. "यातला एक खरा आहे," ते म्हणाले, "आणि एकोणीस खोटे." "कुठला खरा, बाबा?" त्यांनी वही मिटली. "वजन म्हणजे वजन. तुझा हात हलला." पुढं कितीतरी वर्षं ती तो हात घेऊन जगली. हलणारा हात. विद्यापीठात पहिल्यांदा जेव्हा कुणी सांगितलं की वीस वेगळे आकडे म्हणजे वीस चुका नव्हेत, त्यांचं पसरणं हीसुद्धा एक माहिती आहे आणि प्रत्येक आकड्यापुढं अधिक-उणे लिहिणं हा प्रामाणिकपणा आहे, तेव्हा तिला धावत घरी जाऊन सांगावंसं वाटलं होतं. गेली नाही. वडिलांना काही सांगायचं म्हणजे आधी त्यांची खात्री पटवायची, आणि स्वतःची नसलेली खात्री दुसऱ्याची कशी पटवायची?

दोन वाजता बैठक होती. छोटी खोली, पांढरा फळा, कॉफी. आर्तुरी, सेप्पो आणि ती. शेजारच्या दालनात चिपला गोठवून ठेवणाऱ्या फ्रिजचा पंप सेकंदाला एक असा ठोका देत होता, आणि तो ठोका तिला इतक्या वर्षांत स्वतःच्या नाडीसारखा झाला होता, थांबला तरच ऐकू आला असता. आर्तुरीनं फळ्यावर तीन रेघा काढल्या. याच इमारतीत, तळमजल्यावर बनवलेली त्यांची पहिली चिप. तिच्यावर तीन क्यूबिट, म्हणजे क्वांटम संगणकाचे एकक. पुढच्या बुधवारी निधी देणारी समिती यायची होती, आणि तिच्यासमोर या चिपनं आठ बंद पेट्यांमधली एक खुणेची पेटी शोधून दाखवायची होती. पहिला क्यूबिट ठीक, तिसरा ठीक. दोन नंबरचा मात्र मंगळवारपासून बिघडला होता. एखादा क्यूबिट आपली अवस्था जितका वेळ धरून ठेवतो त्याला ते त्याचं आयुष्य म्हणत. सेकंदाचे दहा लाख तुकडे केले तर त्यातले पन्नास तुकडे जगणारा दोन नंबर मधेच नवावर येत होता. मग परत पन्नासावर. मग परत नऊ.

"वायरचा जोड," आर्तुरी म्हणाला. "थंडीत आकसला आणि सैल झाला. आज फ्रिज बंद करू. गरम व्हायला दोन दिवस, जोड दुरुस्त करायचा, थंड व्हायला दोन दिवस. मंगळवारी संध्याकाळी उभे राहू."

"उभे राहू नाही, लंगडत राहू," सेप्पो म्हणाला. "एखादी गळती लागली तर बुधवारी पाहुण्यांना कॉफीच पाजायची."

"मग दुसरं काय करू? मार्केत्ता, जोड तुझे आहेत. तुझा जोड शाबूत आहे हे तू नक्की सांगू शकतेस?"

ते जोड तिचेच होते. तीन मजली इमारत उलटी टांगावी तसे फ्रिजमधले सोनेरी तबकांचे थर, एकाहून एक थंड, आणि त्यांच्यामधून उतरणाऱ्या केसाएवढ्या वायरी, प्रत्येकीचा प्रत्येक जोड तिनं भिंगाखाली श्वास रोखून दिला होता. 'हो' म्हणणं सोपं होतं. तोंडात शब्द आला होता. जन्मभर लोकांना तिच्याकडून जो हवा होता तो नुसता, कोरडा, मोकळी जागा नसलेला शब्द.

"नाही," ती म्हणाली. "नक्की नाही सांगू शकत."

आर्तुरीनं सेप्पोकडे पाहिलं. त्या पाहण्यात सगळं जेवणाच्या वेळचं होतं.

"पण किती नाही ते मोजू शकते," ती म्हणाली. "उद्या दुपारपर्यंत फ्रिजला हात लावू नकोस."

"उद्या दुपारी उघडला तर मंगळवारचं बुधवार होईल."

"हो. होईल."

तो पेनाचं टोपण लावत, काढत राहिला. "बारा वाजता," तो शेवटी म्हणाला. "बाराला पाच कमी असतानाही नाही आणि बारा वाजून पाच झालेलेही नाहीत. बारा."

ती मोजायच्या टेबलाशी जाऊन बसली. काय करायचं ते हातांना ठाऊक होतं: तिन्ही क्यूबिटांचं आयुष्य दर दोन मिनिटांनी मोजत राहायचं आणि यंत्राला ते लिहीत राहू द्यायचं. हात काम करत होते आणि मन मागं सरकत एकतिसाव्या वर्षापाशी येऊन थांबलं. त्या वर्षी ती इथं आली होती आणि पहिल्यांदा एकाच क्यूबिटवर मोजणी करत होती. त्याला शून्य आणि एकच्या बरोबर मध्यावर उभं करायचं आणि बघायचं. बघितलं की शून्य, नाहीतर एक. पुन्हा तसंच उभं करायचं, पुन्हा बघायचं. निम्मे शून्य, निम्मे एक, पण कधी कुठला ते काही केल्या सांगता येईना. ती धरून चालली होती की हा आपलाच हात हलतोय. म्हणून तिनं वायरी बदलल्या, गाळण्या लावल्या, चिपभोवती शिशाचं आवरण चढवलं, तापमान आणखी उतरवलं, बाहेरच्या अवकाशात तारे नसलेल्या जागी असतं त्याच्याही खाली. प्रत्येक वेळी पसारा थोडा कमी झाला. सात महिने ती स्वतःच्या चुका एकेक करून उपटून काढत होती. आणि एका दुपारी पसारा कमी व्हायचा थांबला. खाली फरशी लागली होती. त्या फरशीच्या खाली कुणाचाच हात पोचत नव्हता, तिचा नाही, वडिलांचा नाही, जगातल्या सगळ्यात शहाण्या माणसाचा नाही. तिथं लपलेला, आपल्याला न सापडणारा असा खरा आकडा नव्हताच. बघण्याच्या आधी तो ठरलेलाच नव्हता. ती खुर्चीत बसून राहिली होती आणि तिला आठवतं, तिला काही फार मोठं कळलं असं वाटलं नव्हतं. कुणीतरी माफ केलं असं वाटलं होतं. त्या रविवारी तिनं कुओपिओला फोन केला आणि वडिलांना हे सांगायचा प्रयत्न केला. ते म्हणाले, "मग खोटं कोण बोलतंय?" "कुणीच नाही, बाबा." "कुणीच नाही," ते म्हणाले, आणि फोन ठेवल्यावर आईला म्हणाले होते म्हणे, की पोरगी तिकडं एकटी पडली आहे, तिला लोकरीचे मोजे पाठव.

दोन प्रकारचं 'माहीत नाही' असतं, हे तेव्हापासून तिच्या अंगात मुरलं होतं. एक असतं धूळ, उष्णता, सैल जोड, हलणारा हात; ते लाजायचं आणि निस्तरायचं. दुसरं असतं ते वस्तूच्या पोटातलं. त्याला लाजण्यासारखं काही नसतं, आणि हे सगळं यंत्र चालतं तेच मुळी त्याच्या जिवावर. लोकांना वाटतं, यंत्र आठही पेट्या एकदम उघडून बघतं. तसं असतं तर काय हवं होतं. तीन क्यूबिट न ठरलेल्या अवस्थेत ठेवले की आठही पेट्यांना थोडा थोडा वाटा मिळतो, आणि प्रत्येक वाट्याला लाटेसारखा चढ असतो किंवा उतार. खुणेच्या पेटीच्या वाट्याचा तेवढा चढाचा उतार करायचा, न बघता. मग सगळ्या लाटा अशा एकमेकींत मिसळायच्या की चुकीच्या पेट्यांच्या लाटा एकमेकींना बुडवतील आणि बरोबर पेटीची वाढत जाईल. तळ्यात दोन दगड टाकले की काही ठिकाणी पाणी दुप्पट उसळतं आणि काही ठिकाणी अगदी शांत उभं राहतं, तसंच. मधेच कुणी डोकावून बघितलं की खेळ संपला. लाट कुठल्यातरी एका पेटीत पडून जाते. शेवटपर्यंत ठरू द्यायचं नाही, हीच सगळी कारागिरी. नक्की काय ते आधीच ठरवून बसणाऱ्याला हे यंत्र काहीच देत नाही. हे तिनं कुणाला कधी बोलून दाखवलं नव्हतं. बोलण्यासारखं काय होतं त्यात? साडेपाचला तिनं कोट चढवला, मोजणी चालू ठेवली आणि बस पकडून घरी गेली. राय धान्याची भाकरी, लोणी, काकडी. झोप लागणार नाही असं तिला वाटलं होतं, पण लागली, आणि गाढ लागली.

सकाळी सातला दालनात कुणी नव्हतं. पडद्यावर रात्रभराची रेघ होती. ती उभ्या उभ्या बघत राहिली, कोट न काढता. रेघ वरखाली भटकत नव्हती. ती पन्नासावर सरळ चालत होती, मग पायरी उतरावी तशी नवावर येत होती, तिथं सरळ चालत होती, मग पुन्हा पायरी चढत होती. मधे कधीच नाही. वीसवर नाही, तीसवर नाही. आणि पहिला, तिसरा क्यूबिट आपले शांत, त्यांच्या हे गावीही नाही. सैल जोड असा वागत नाही, तिला वाटलं. सैल जोड तापमानाबरोबर सरकतो, ठोक्याबरोबर थरथरतो, तो म्हाताऱ्या माणसासारखा कुरकुरतो. फक्त दोनच जागा माहीत असलेलं हे दुसरंच काहीतरी होतं, फार लहान आणि फार हट्टी. तिच्या पाठीतून गार शहारा गेला, तो आनंदाचा आहे हे कळायला तिला थोडा वेळ लागला. प्रत्येक क्यूबिटचा एक सूर असतो. एक बारीकसा विद्युतप्रवाह वाढवला की तो थोडा उतरवता येतो. तिनं दोन नंबरचा सूर केसभर उतरवला आणि आयुष्य मोजलं. पन्नास. आणखी थोडा. एकावन्न. मग परत पहिल्या जागेकडे, एकेक केस वर चढवत. सत्तेचाळीस, तीस, नऊ. तिथं खड्डा होता. अगदी अरुंद, एकाच सुरापुरता. चिपच्या पृष्ठावरच्या गंजाच्या पातळ थरात, कुठंतरी दोन-चार अणूंचा एक दाणा नेमक्या त्याच सुरात गात होता, आणि दोन नंबर आपली ऊर्जा त्या शेजाऱ्याला देऊन मोकळा होत होता. दाणा मधेच सूर बदलायचा, तेव्हा दोन नंबर बरा व्हायचा. तिनं ती मोजणी चौदा वेळा केली. मग कोट काढून खुंटीला लावला.

बाराला आर्तुरी आला. सेप्पो त्याच्यामागं, हातात पाना, म्हणजे उघडायच्या तयारीनं. तिनं आलेख दाखवले आणि जेवढं होतं तेवढं सांगितलं.

"म्हणजे जोड नाही," आर्तुरी म्हणाला.

"शंभरात शहाण्णव, नाही."

"आणि चार?"

"चार उरतात. त्या चारांत माझा जोड आहे."

"मार्केत्ता, मला बुधवारी लोकांसमोर उभं राहायचंय. मला शहाण्णव नकोय."

"मग तुझे किती? काल तू जोड म्हणालास तेव्हा तुझे किती होते?"

सेप्पोनं पाना एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"सूर खाली आणायचा," ती म्हणाली. "इतका, की दाण्यानं पुन्हा जागा बदलली तरी तो पोचणार नाही. तिन्ही क्यूबिटांचं सगळं ताळमेळाचं काम पुन्हा करावं लागेल. आज, उद्या, परवा, सोमवार. मी करते. दाणा पुन्हा कधी उडी मारेल ते मी सांगू शकत नाही. कुणीच नाही सांगू शकत." मग तिनं जे म्हणायचं ठरवलं नव्हतं ते ती म्हणाली, आवाज न चढवता. "काल जेवताना तू बोललास ते मी ऐकलं. बरोबरच बोललास तू. मला नक्की काही ठाऊक नसतं. पण किती ठाऊक नाही, ते मला तुझ्यापेक्षा नीट ठाऊक असतं."

आर्तुरीची मान खालून वर लाल होत गेली. त्याच्यासारख्या गोऱ्या माणसाला काही लपवता येत नाही. पंपाचे सहा-सात ठोके पडले.

"ते मी बोलायला नको होतं," तो म्हणाला.

"माझ्यासमोर बोलला असतास तर चाललं असतं."

"पाना ठेवून ये, सेप्पो," आर्तुरी म्हणाला.

"मी तो कॉफीच्या यंत्रासाठी आणला होता," सेप्पो म्हणाला. त्याच्यावर कुणाचाच विश्वास बसला नाही.

ते चार दिवस तिला नंतर नीट आठवेनात. बाहेर वाप्पुची, म्हणजे एक मेच्या सणाची तयारी चालली होती, विद्यार्थी रंगीत डगले घालून फुगे विकत होते, घराघरात लिंबाचं गोड पेय आंबत होतं, आणि ती तीन क्यूबिटांना एकमेकांशी जुळवत होती. एकाला हलकासा धक्का दिला की दुसऱ्यानं किती वळायचं, किती वेळात, कुठं थांबायचं. शनिवारी आर्तुरी आला आणि न विचारता तिच्या शेजारी बसून आकडे वाचू लागला. रविवारीही आला. बोलले ते फक्त आकडे. एकदा तिच्या लक्षात आलं की तो आकडा वाचून झाल्यावर 'अधिक-उणे इतकं' असंही म्हणतोय.

बुधवारी पाच पाहुणे आले. समितीच्या प्रमुख बार्ब्रो, सत्तरीकडे झुकलेल्या, काठी घेऊन चालणाऱ्या, डोळ्यांत मिस्कील धार असलेल्या बाई. आर्तुरीनं आठ पेट्यांचं चित्र दाखवून समजावलं आणि म्हणाला, "एक आकडा सांगा, बार्ब्रो. एक ते आठ."

"पाच."

मार्केत्तानं पाच नंबरच्या पेटीला खूण करायचा हुकूम यंत्राला दिला आणि त्यानं एकदा शोधलं. पडद्यावर आकडा उमटला. दोन.

मागं कुणीतरी खाकरलं. आर्तुरीच्या मानेवर पुन्हा तो लाल रंग चढू लागला, आणि त्याचं तोंड थोडं उघडं राहिलं. मार्केत्ता कोपऱ्यातल्या टेबलाशी बसली होती. तिनं बोलायचं असं कुठंच ठरलेलं नव्हतं. तिच्या मनात एक विस्तीर्ण, उजेडाची शांतता पसरली. यंत्र काही खोटं बोललं नव्हतं.

"पुन्हा विचारू," ती म्हणाली.

बार्ब्रो तिच्याकडे वळल्या. "चुकलं ना ते?"

"चुकलं."

"मग बरोबर येईपर्यंत विचारत राहायचं, असं का? माझा नातू पत्ते असेच खेळतो."

पाहुणे हसले. "नाही," मार्केत्ता म्हणाली. "हजार वेळा विचारायचं, आणि चुकलेली उत्तरंसुद्धा मोजायची. एकही लपवायचं नाही. तुमच्या नातवाला ते चालेल?"

"मुळीच नाही," बार्ब्रो म्हणाल्या. "विचारा."

पडद्यावर आठ खांब उगवले. आधी सगळे ठेंगणे, एकमेकांना ढकलत, कुठला पुढं जाईल सांगता येऊ नये असे. शंभराच्या आसपास पाचवा डोकं वर काढू लागला. दोनशे, तीनशे. बाकीचे जणू जमिनीला चिकटले आणि पाचवा चढत राहिला, चढत राहिला, पडद्यानं मोजपट्टी दोनदा बदलली तरी चढत राहिला. हजार झाले तेव्हा पाचाची उत्तरं सहाशे बारा होती. बाकी सातांत मिळून उरलेली.

"आंधळेपणानं एकेक पेटी काढली असती तर हजारातून सव्वाशे वेळा पाच आला असता," मार्केत्ता म्हणाली.

"हजारात सहाशे बारा वेळा बरोबर," बार्ब्रो म्हणाल्या. "मी ज्या मंत्रालयातून निवृत्त झाले तिथल्यापेक्षा बरं आहे. आणि तुमच्या यंत्रात काहीच दोष नसता तर?"

"तर नऊशे पंचेचाळीस."

"हजार नाही?"

"नाही. सहाशे बारा आणि नऊशे पंचेचाळीस यांच्यामधलं जे आहे ते आमचं, म्हणजे उष्णता, धूळ, आमचे हात. ते आम्ही दरवर्षी कमी करू. पण उरलेल्या पंचावन्नांना मी कधीच हात लावू शकणार नाही. ती चूक नाही. लाटा कितीही नीट मिसळल्या तरी इतर पेट्यांत थोडं पाणी उरतंच, आणि बघण्याच्या क्षणापर्यंत काहीच ठरलेलं नसतं. तसं ठरलेलं नसतं म्हणूनच तर पाच एवढा वर चढू शकला."

बार्ब्रोंनी काठीवर दोन्ही हात ठेवले. "तुम्ही सगळे भिंतीकडे तोंड करा," त्या म्हणाल्या. "मी स्वतः आकडा घालणार. कुठं दाबायचं तेवढं दाखवा."

मग ते सगळे, आर्तुरी, सेप्पो, चार पाहुणे आणि मार्केत्ता, शाळेत शिक्षा झालेल्या पोरांसारखे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मागं एक बटण दाबल्याचा आवाज झाला, मग दुसऱ्याचा. भिंतीच्या पांढऱ्या रंगावर एक भेग होती, तिच्याकडे मार्केत्ता बघत होती. शेजारी आर्तुरी श्वास घ्यायचा विसरला होता. तिला त्याची कीव आली आणि तो आवडलाही. आता, याच क्षणी, तिकडं त्या थंडगार काळोखात काही ठरलेलं नव्हतं; एक लाट मिटत होती, दुसरी वाढत होती, आणि तिच्या हातानं दिलेल्या जोडांमधून ते सगळं जात होतं. तिला आयुष्यात कधी इतकं निर्धास्त वाटलं नव्हतं.

"बघा आता," बार्ब्रो म्हणाल्या.

मार्केत्ता वळली. एक खांब सगळ्यांच्या डोक्यावरून उंच उभा होता.

"सात," ती म्हणाली.

बार्ब्रोंनी मुठीतला कागद उलगडून सगळ्यांना दाखवला. त्यावर त्यांच्या तिरक्या अक्षरात सात लिहिलेला होता. सेप्पोनं दोन टाळ्या वाजवल्या आणि आपण एकटेच वाजवतोय हे लक्षात येऊन थांबला. मग बाकीच्यांनी सुरुवात केली. आर्तुरीनं टाळ्या वाजवल्या त्या पाहुण्यांकडे बघून नाही, तिच्याकडे बघून. "हे जुळवलं कुणी?" बार्ब्रोंनी त्याला विचारलं. "मार्केत्तानं," तो म्हणाला, "आणि मी तिच्यासाठी आकडे वाचले." आणि त्यानं तिचं आडनावही सांगितलं, कोन्तुरी, अक्षरं सुटी करून, म्हणजे ते बरोबर लिहून घेतलं जावं.

मग सगळे केक खायला वर गेले. मार्केत्ता येते म्हणाली आणि गेली नाही. खिडकीतून दुपारचं लांब ऊन टेबलावर आलं होतं. इतकी वर्षं तिनं इथं दुसऱ्यांचेच प्रश्न विचारले होते, त्यांच्या वेळापत्रकाप्रमाणे, त्यांच्या लेखांसाठी. तिनं खुर्ची पुढं ओढली. एक नंबरच्या पेटीला खूण केली, हजार वेळा विचारलं. एक उभा राहिला. दोन नंबरला. दोन उभा राहिला. प्रत्येक वेळी सुरुवातीला तोच ठेंगण्यांचा गोंधळ, आणि मग त्यातून एकाचं सावकाश, निःशंक वर येणं. तीन. चार. पाचाला ती मोठ्यानं हसली. स्वतःचं ते हसणं तिला अनोळखी वाटलं, जाड आणि मोकळं. दारातून जाणारा कुणीतरी थबकला, डोकावला, आणि पुढं गेला. सहा. सात. आठ. आठही बोलले. तिनं वहीत आठ आकडे लिहिले, प्रत्येकापुढं अधिक-उणे लिहिलं, आणि मग, वर केक संपत असताना, पहिल्यापासून पुन्हा सुरुवात केली.